'वजन पडलं की लॉक होतं', म्हणून पट्टा नको? माडावर चढायच्या घरगुती यंत्राच्या मेसेजला उत्तर

कोकणातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज आणि त्याच्यासोबत एक व्हिडिओ फिरतोय. मथळा असा: 'नारळ काढायला माणूस मिळत नाही? आठशे रुपयांत माडावर चढायचं यंत्र घरीच बनवा.' साहित्य म्हणजे घरात पडलेली सळई, जुन्या टायरचा तुकडा आणि स्कूटरची क्लच वायर. पुढे दावे आहेत. वजन पडलं की यंत्र आपोआप लॉक होतं, म्हणून सुरक्षा पट्ट्याची गरज नाही. माणूस जितका जड, तितकी पकड घट्ट. भीती वाटलीच तर कमरेला दोरी बांधा. यंत्र नको असेल तर खोडात सळईचे खुंटे ठोका, झाडाला काही होत नाही. बाजारात हेच यंत्र चौपट भावाने विकून लूट चालली आहे.

माझा पुतण्या श्रीवर्धनला आमचं आगर सांभाळतो. त्याने हा मेसेज मला पाठवला आणि विचारलं, 'काका, वेल्डर तयार आहे, सळई पडलेलीच आहे, करून टाकू ना?' बुंध्याचं माप घेऊनही झालं होतं. मी जन्मभर लोखंडाच्या कामात आहे, म्हणून त्याला विचारावंसं वाटलं. ज्यांच्या घरात विचारायला कोणी नाही त्यांनी एव्हाना बनवून चढायलाही सुरुवात केली असेल. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. माणूस मिळत नाही हे खरं आहे. बाणवली जातीचे माड पन्नास-साठ फुटांवर जातात, नारळ दीड-दोन महिन्यांनी उतरवावे लागतात, आणि पिढीजात चढणाऱ्यांची मुलं या कामात उतरायला तयार नाहीत. गोव्यात पाडेली मिळेनात, रायगडात भंडारी मिळेनात. अडचण खरी आहे, म्हणूनच माणूस असल्या मेसेजवर चटकन विश्वास ठेवतो.

आता त्या लॉकबद्दल. सगळ्यात घातकी वाक्य हेच आहे.

पायाने चढायच्या यंत्रात दोन सुटे भाग असतात, एकेका पायाला एकेक. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ यांनी बनवलेलं यंत्र सगळीकडे चेंबेरी मॉडेल म्हणून ओळखलं जातं, ते असंच आहे. तारेचा फास खोडामागून फिरतो, पुढच्या बाजूला खाली रबराचा टेका खोडाला लागतो, आणि पावटी खोडापासून थोडी बाहेर असते. पावटीवर पाय दिला की यंत्र खाली झुकू पाहतं. त्या झुकण्याने मागचा फास वर आवळतो आणि पुढचा टेका खाली दाबला जातो. पकड या दोन दाबांतून तयार होते. यात खटका नाही, कुलूप नाही. आहे ते फक्त घर्षण.

आणि ही पकड फक्त पायाचा भार असेतोवर. पाय उचलला की ती सुटते. ती सुटावी म्हणूनच यंत्र तसं बनवलेलं आहे, नाहीतर वर सरकवणार कसं? म्हणजे चढताना प्रत्येक पावलाला दोनपैकी एक भाग मोकळा असतो आणि अख्खा माणूस दुसऱ्या भागावर उभा असतो. तो दुसरा भाग सरकला, तर त्या क्षणी तुम्हाला धरून ठेवणारं काहीही नाही. मेसेजमधलं 'आपोआप लॉक' म्हणजे हे.

'जड माणसाला पकड जास्त' हेही अर्धंच खरं. दाब वाढतो, यात वाद नाही. पण पेलायचा भारही तेवढाच वाढतो. साठ किलोच्या माणसापेक्षा नव्वद किलोच्या माणसाला दीडपट पकड लागते, आणि मिळतेही दीडपटच. हिशेब जिथल्या तिथे राहतो. यंत्र घसरणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: फास टेक्यापेक्षा किती वर आहे, पाय खोडापासून किती बाहेर आहे, आणि रबर खोडाला किती धरतंय. पाय खोडाकडे सरकला की पकड झपाट्याने कमी होते. पावसाळ्यात खोडावर शेवाळ आलं की रबर धरत नाही, मग साठ किलो काय आणि नव्वद काय. त्यात माड वर निमुळता होत जातो. पुतण्याने बुंध्यावर माप घेतलं होतं, आणि बुंधा तर सगळ्यात जाड. तिथे बेतलेला फास वर ढिला पडणार, पावटी खाली कलणार, आणि हे लक्षात येईल ते जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर. विकतच्या यंत्रात फासाची लांबी कमी-जास्त करायची सोय असते ती याचसाठी. व्हिडिओतल्या यंत्रात ती सोयच नाही.

बारा मीटरवरून पडलेला माणूस दीड सेकंदात जमिनीवर येतो, ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने. पट्ट्याची गरज नाही म्हणणाऱ्याने हे आकडे आपल्या घरच्या माणसाला सांगून बघावेत.

आता कमरेची दोरी. आधी हे बघा की माडाला फांदी नसते. खोडाभोवती नुसती गुंडाळलेली दोरी कशालाच अडकलेली नसते, माणूस पडला की तीही त्याच्याबरोबर खोडावरून घसरत खाली येते. भार आल्यावर खोडाला आवळली जाईल अशी जोडणी लागते. म्हणूनच कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने चेंबेरी यंत्राला लावायची वेगळी सुरक्षा जोडणी तयार केली. यंत्र आधीच होतं, तरीही ती करावीशी वाटली, यावरून काय ते समजा.

बरं, समजा दोरी अडकली. सत्तर किलोचा माणूस एक मीटर पडला आणि दोरीने त्याला दहा सेंटिमीटरांत थांबवलं, तर बसणारा हिसका साधारण पावणेआठशे किलोचा असतो. तो कमरेच्या एका वळशावर आला की मणका मागे मोडतो, फासळ्या आणि पोटातले अवयव सापडतात, आणि त्यातून वाचून लटकत राहिलात तर श्वास घेता येत नाही. पूर्ण अंगाच्या हार्नेसला मांड्यांचे आणि खांद्यांचे पट्टे असतात ते हा हिसका वाटून घेण्यासाठी. त्याला भारतीय मानक आहे, आयएस ३५२१. दुकानात पट्ट्यावर हा क्रमांक बघून घ्या. शिवाय बाजारातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी उन्हाने पिचते, गाठ मारली की तिची ताकद आणखी कमी होते, आणि माडाच्या शेंड्यावर तुमच्या हातात कोयता चालू असतो. एक वार चुकला तर दोरी संपली.

व्हिडिओ थांबवून क्लच वायरचं टोक नीट बघितलं. प्लास्टिकचं आवरण न काढता त्यावर क्लॅम्प मारलाय. एकच, आणि तोही उलटा: यू-बोल्ट, म्हणजे क्लॅम्पचा वाकवलेला दांडा, भार घेणाऱ्या तारेवर, आणि त्याचं जाड बूड मोकळ्या टोकावर. यू-बोल्ट तार चेचतो, म्हणून तो नेहमी मोकळ्या टोकाकडे घ्यायचा, आणि असे कमीत कमी दोन-तीन क्लॅम्प लावायचे. हे कोणत्याही क्रेनवाल्याला विचारा. घरात पडलेली सळई बहुधा टीएमटी, म्हणजे बांधकामाची. ती काँक्रीटमध्ये घालायला असते, तिचा वरचा कणखर थर वेल्डिंगच्या उष्णतेने बिघडतो. ज्याला एवढं माहीत नाही तो लोकांना माडावर चढवायला निघालाय.

खुंट्यांचं थोडक्यात. माड एकदलीय आहे. आंब्या-फणसाच्या सालीखाली वाढीचा जो थर असतो आणि ज्याने जखम भरून येते, तो माडाला नाहीच. ठोकलेलं भोक जन्मभर राहतं. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तिथेच अंडी घालतो, आणि अळ्या आतून खोड पोखरतात. जुन्या माडांवर चढणाऱ्यांनी कोयत्याने पाडलेल्या खाचा असतात आणि त्यातले काही माड वर्षानुवर्षं उभे असतात, हे खरं. पण म्हणून आजच्या उभ्या माडात सळया ठोकायचं काही कारण नाही. वर गंजलेला खुंटा पायाखाली निघाला तर माड आणि माणूस दोन्ही गेले.

'पहिल्याच दिवशी कोणीही चढू शकतं' असंही मेसेजमध्ये आहे. नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हा उपक्रम सुरू केला. यंत्र तयार, तपासलेलं, शिकवणारे अनुभवी, शिकणारे तरणेबांड, आणि तरी प्रशिक्षण सहा दिवसांचं. शिवाय चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' हा अपघात विमा. ज्या मंडळाचं कामच नारळ आहे, ते सहा दिवस शिकवून वर विमा उतरवतं. आणि इथे कोणीतरी सांगतोय की दुपारी वेल्डिंग करा, संध्याकाळी चढा.

लुटीचा मुद्दा उरला. विकतचं यंत्र काही हजारांना पडतं, आणि त्यात पाइपच तर असतात, हे कबूल. एका आगराला परवडत नसेल तर चार आगरांनी मिळून घ्यावं, हार्नेससकट. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, प्रशिक्षणाची चौकशी तिथे करता येते. ठेंगू माड असतील तर लांब काठीला कोयता बांधून खालूनच घड उतरवा. पुतण्याला मी एवढंच सांगितलं: वेल्डरला नाही म्हण, या खेपेला माणूस दोन दिवस उशिरा आला तरी चालेल, आणि तो मेसेज ज्यांना ज्यांना पुढे पाठवलास त्यांना आजच फोन कर.