‘कागदच तो, कुजून जातो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वधू-वर परिचय मेळावे जवळ आले की नागपुरातल्या समाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: स्थळांची माहिती देणाऱ्या छापील परिचय पुस्तिकेनं पर्यावरणाचं काही बिघडत नाही. कागद लागवडीच्या झाडांचा असतो, रद्दीतून परत वापरात येतो, नाहीतर कुजतो. खर्च जाहिरातींतून निघतो. खरं प्रदूषण मोबाइलचं आणि सर्व्हरचं. शिवाय ज्येष्ठांना पुस्तकच लागतं.

लागवडीच्या झाडांचं बरोबर आहे. निलगिरी, सुबाभूळ, बांबू यांपासून आपल्याकडे कागद होतो; वर्धा नदीकाठचं बल्लारपूर त्यासाठीच ओळखलं जातं. पण लगदा शिजवायला, धुवायला, ब्लीच करायला टनामागे हजारो लिटर पाणी आणि भरपूर वाफ लागते. त्याचा हिशेब मेसेजमध्ये नाही.

रद्दीचं अर्धंच खरं. पुस्तिकेचं कव्हर लॅमिनेशनचं, म्हणजे कागदावर प्लास्टिकची फिल्म. पानं जिथे जोडतात त्या कण्याला गरम करून लावलेला गोंद. हा गोंद लगद्यात चिकट गोळे करतो आणि गिरणीत डोकेदुखी होते. म्हणून रद्दीवाला आधी कव्हर टरकावून बाजूला फेकतो. ते कचऱ्यातच जातं. आणि चांगला कागदही पाच-सात फेऱ्यांनंतर टिकत नाही, तंतू आखूड होत जातात.

कुजण्याचं म्हणाल, तर नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोच्या ढिगात खाली हवा पोचत नाही. तिथे कागद कुजताना मिथेन वायू होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट जास्त तापवतो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात, तेव्हा धूर कुणाच्या घरात शिरतो ते पूर्व नागपुरात विचारा.

मला सगळ्यात खटकतो तो जाहिरातींचा मुद्दा. खर्च निघतो म्हणूनच तर कुणी हात आखडत नाही! ज्वेलर्स, साड्यांची दुकानं, मंगल कार्यालयं, शुभेच्छुक नगरसेवक, पानामागून पान. साधा 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम) ए4 कागद सुमारे 4.4 ग्रॅमचा. दोनशे पानांना शंभर कागद, म्हणजे प्रत साधारण 440 ग्रॅमची. दोन हजार प्रतींना पावणेनऊ क्विंटल कागद, कव्हर आणि कापणीची कात्रणं वेगळीच. आणि आयुष्य किती? मेळाव्यानंतर स्थळं जमायला लागतात, तशी पुस्तिका शिळी होते. मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं तरी वडिलांना ‘स्थळ पाहत आहात का?’ म्हणून फोन येतात, कारण छापलेलं नाव कुणाला खोडता येत नाही. मोबाइलवर पाठवायच्या पीडीएफ यादीतून ते त्याच दिवशी काढता येतं.

मोबाइल वीज खातो, खरं आहे. पण या यादीसाठी कुणी नवा फोन घेत नाही. तो खिशात आहेच, आणि काही एमबीच्या फाइलला कितीशी वीज लागणार?

ज्येष्ठांचा मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करते. ज्यांना स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत, त्यांना डावलून मेळावा भरवू नये. त्यांच्यासाठी मोठ्या टाइपात, जाहिराती वगळून, साध्या कागदावर, लॅमिनेशन न करता, पिना मारलेली प्रत काढा. नोंदणी फॉर्मवर एक रकाना वाढवा, ‘छापील प्रत हवी का?’ आणि जेवढे ‘हो’ येतील, तेवढ्याच प्रतींची ऑर्डर प्रेसला द्या.