घोडा म्हणून घेतला

"अगं, ही कामाची गाडी आहे. सामान वाहता येतं."

हे वाक्य मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, कुणाच्या तरी घरासमोर, २००८ सालच्या लालभडक यूटशेजारी उभं राहून बायकोला म्हणालो. आठ सिलिंडर, दोन सीटा, एकोणीस इंची चाकं. इंजिन चालू असल्यामुळे तिला माझं बोलणं अर्धंच ऐकू आलं. जेवढं ऐकू आलं तेवढं मात्र तिने पक्कं लक्षात ठेवलं. गेली चार वर्षं मी ते वाक्य हप्त्याहप्त्याने फेडतो आहे.

यूट म्हणजे काय, हे भारतातल्या माणसाला सांगणं अवघड जातं. पुढून बघितली तर झोकदार सेडान. दारापर्यंत सगळं व्यवस्थित. दाराच्या मागे मात्र कुणीतरी करवतीने छप्पर कापून टेम्पोचा हौदा जोडल्यासारखं दिसतं. आई सांगलीहून आली तेव्हा विमानतळाच्या पार्किंगमध्ये तिने गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ही मागनं बांधायची राहिली काय रे?" आठ सिलिंडर आहेत म्हणून मी छाती पुढे काढली, तर म्हणाली, "आठ? आपल्याकडं दोन असले तरी महिनाभर पुरतात."

गाडी फोर्डची की होल्डनची, हे मी इथे सांगणार नाही. या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियात सख्ख्या भावांनी एकमेकांकडे नाताळचं जेवण टाकलेलं आहे. शिवाय आता दोन्ही सारख्याच. २०१६ साली एकीचं इथलं उत्पादन थांबलं, २०१७ साली दुसरीचं. त्यामुळे मी गाडी घेतलेली नसून वारसा जपलेला आहे, असंही मी बायकोला सांगून पाहिलं. वारसा जपायचा तर आधी माझ्या आजीच्या पैठणीला कसर लागली आहे ती बघ, म्हणाली.

खरं तर या गाडीचा जन्मच बायकोच्या मागणीतून झाला. निदान इथे सगळे तसंच सांगतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं: रविवारी चर्चला जाताना भिजायला नको आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता यावीत, अशी एकच गाडी आम्हाला द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुण डिझायनरने ते मनावर घेतलं आणि १९३४ साली पहिली यूट रस्त्यावर आली. बाईंची मागणी किती मोजकी होती बघा. चर्च आणि डुकरं. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की डुकरं बाजारात लवकर पोचली तर काय बिघडलं? तिथून माझी गाडी सुरू होते. २०१३ साली होल्डनच्या एका यूटने जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी ८ मिनिटं १९.४७ सेकंदांत मारली. हा आकडा मी घरी वारंवार सांगत असे. मागे काय भरलं होतं, असं बायकोने एकदा विचारलं तेव्हापासून सांगत नाही.

कोल्हापुरात माझा चुलतभाऊ छोटा हत्ती चालवतो. त्याला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. चाकं, दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट, सगळं त्याने शांतपणे बघितलं आणि धंद्यातल्या माणसाचा एकच प्रश्न टाकला.

"पासिंग किती?"

"अर्धा टन. जवळपास."

"आणि इंजिन?"

"आठ सिलिंडर."

"माझं दोन. सातशे दोन सीसी. पासिंग पाऊण टन." मग बराच वेळ तो काही बोललाच नाही. शेवटी त्याला मला धीर द्यावासा वाटला असावा, म्हणाला, "पण रंग चांगला हाय."

पासिंगचा खरा अर्थ मला मातीच्या दिवशी कळला. परसात भाजीचे वाफे करायचे ठरले होते. बागेची माती, खडी, मल्च असं सगळं ढिगाने विकणाऱ्या वखारीत मी मोठ्या ऐटीत शिरलो. ऐटीत म्हणजे ताशी पाच किलोमीटरने, कारण गेटाशी असलेल्या उंचवट्यावर पुढचा बंपर घासतो आणि तो आवाज माझ्या दातांत जातो. लोडरवरच्या माणसाला म्हटलं, एक क्यूबिक मीटर द्या. त्याने माझ्याकडे बघितलं, टायरकडे बघितलं आणि रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात सांगितलं की पावसात भिजलेली माती मीटरला सव्वा ते दीड टन भरते, मेट. मग अर्धा? तोही सहाशे-सातशे किलो. शेवटी आम्ही पाव मीटर जरा पुढे, असा सौदा केला. भाजीवालीकडे पावशेर गवार मागताना जो संकोच वाटतो, तो मी लोडरसमोर अनुभवला.

लोडरचा बकेट उंच गेला, तिरका झाला, आणि माझ्या पाठीमागे जे काही बसलं त्याने गाडीने मान वर केली. बॉनेट आभाळाकडे. भरदुपारी दिवे लावले असते तर झाडावरचे पोपट उठले असते. पुढचा बंपर आता घासणार नाही या आनंदात मी निघालो, तर त्याच उंचवट्यावर मागचे एक्झॉस्ट घासले. देव एक दार बंद करतो तेव्हा दुसऱ्या दारात बोट चिमटतं, तसं.

अशा चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला शेजारचे ग्रीक आजोबा त्यांच्या जुनाट, साबणाच्या वडीएवढ्या गाडीतून त्याच वखारीत आले. मागे सहा बाय चार फुटांचा गंजका ट्रेलर. आजोबांनी माझी दोन खेपांची माती एका दमात भरली, वर जाळी टाकली, दोन दोऱ्या आवळल्या आणि निघताना माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, "ब्यूटिफुल कार." त्या दोन शब्दांत अपमान कुठे लपला होता ते मला आजवर सापडलेलं नाही, पण होता.

आता कुणी म्हणेल, माती सोडा, हलकं सामान न्या. नेलं ना. प्लायवूडचा आठ बाय चारचा तक्ता हौद्यात सपाट बसतच नाही. मागची फळी पाडावी लागते आणि शेपटीला लाल फडकं बांधून लग्नाच्या वरातीतून चुकलेल्या घोड्यासारखं घरी यावं लागतं. हौद्यावर कापडाचं आवरण असतं, त्याला इथे टोनो म्हणतात. उन्हाळ्यात ते मऊसूत असतं. जुलैच्या थंडीत आक्रसतं, आणि शेवटची बटणं लावायला दोन माणसं आणि गुडघा लागतो. आईच्या बॅगा विमानतळावरून आणल्या त्या दिवशी आम्ही ती शेवटची दोन बटणं उद्यावर ढकलली. वाटेत पाऊस आला. घरी पोचल्यावर आईच्या सुती साड्यांनी एकमेकींचे रंग आपापसात वाटून घेतले होते. बायको या प्रसंगाची साक्षीदार नव्हती, कारण सीटा दोनच. आई आली की तिला घरी थांबावं लागतं. हा गाडीचा एकमेव व्यावहारिक गुण आहे, असं आमच्यापैकी कोण म्हणालं ते मी सांगणार नाही.

भरलेली गाडी मान वर करते, तर रिकामी शेपूट हलवते. मागे वजन नाही, ताकद सगळी मागच्या चाकांना, आणि वर मेलबर्नचा पाऊस. राउंडअबाउटमधून निघताना जरा पाय जड झाला की गाडी आडवी होऊन आलेल्या रस्त्याकडे बघायला लागते. यावर यूटवाल्यांचा सर्वमान्य तोडगा म्हणजे हौद्यात वाळूची पोती टाकणे. मीही टाकली, वीस-वीस किलोची चार. म्हणजे सामान वाहण्यासाठी घेतलेली गाडी सामान नसताना धड चालावी म्हणून मी रोज ऐंशी किलो वाळू ऑफिसला नेतो आणि परत आणतो.

तरी मंडळात माझी ओळख 'यूटवाले' अशीच आहे. कुणी घर बदललं, कुणाला जुनं वॉशिंग मशीन फुकट मिळालं, की फोनवर आधी तब्येतीची चौकशी होते आणि मग "शनिवारी काय करताय?" गेल्या वर्षी गणपती आणायचं कामही माझ्याकडे आलं. मूर्ती शाडूची, दोन फुटी. हौद्यात ठेवायला कुणाचाच जीव होईना. पाच जणांनी पाच सल्ले दिल्यावर बाप्पा पुढच्या सीटवर बसले, पट्टा बांधून, मांडीखाली उशी. मागच्या हौद्यात ढोल, ताशा, सतरंज्या आणि वाळू. जन्मात पहिल्यांदा मी ती गाडी चाळीसच्या वर नेली नाही. एका सिग्नलला बाजूच्या यूटमधल्या पोराने मला डिवचायला एंजिन गुरगुरवलं. मग त्याचं लक्ष शेजारच्या सीटवर गेलं. दिवा हिरवा झाला तरी तो हलला नाही. मला आधी जाऊ दिलं.

तेवढ्या पुण्याईवर मी घरात विषय काढला: गाडीला मागे टो-बार बसवून घ्यावा, आणि एक ट्रेलर. जुना, सहा बाय चारचा, आजोबांसारखा. बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे सामान वाहायच्या गाडीला सामान वाहायची गाडी?"

मी वारसा, न्यूर्बर्गरिंग, चर्च, डुकरं असं सगळं मनात चाळून पाहिलं. उपयोगाचं काही सापडलं नाही.

ट्रेलर आला. आता माती, खडी, लोकांची कपाटं सगळं त्यातून जातं, आणि उंचवट्यावर काहीही घासलं तरी ते गंजलेलंच असतं. परवा आजोबा कुंपणावरून टोमॅटोची रोपं द्यायला आले. ट्रेलरभोवती फिरून त्यांनी पसंतीची मान हलवली. मग यूटच्या हौद्यावरच्या, चारही बाजूंनी घट्ट बटणं लावलेल्या टोनोवर हात ठेवून विचारलं,

"आणि यात काय नेतोस?"

"वाळू," मी म्हणालो.

"कुठे?"