मायरन रोल यांचे फुटबॉल ऑक्सफर्डने बुडवले का?

अमेरिकी फुटबॉलमधला एकेकाळचा बचावपटू आणि पुढे मेंदूशल्यचिकित्सक झालेले मायरन रोल यांची गोष्ट गेली कित्येक वर्षे एका ठरावीक साच्यात सांगितली जाते. तिचा सारांश असा: रोल यांच्यासमोर व्यावसायिक फुटबॉलचा, पहिल्या फेरीतल्या निवडीचा आणि कोट्यवधी डॉलरांचा रस्ता मोकळा होता, त्यांनी ऐन भरात एक वर्ष ऑक्सफर्डला शिकायला जाण्याचा हट्ट केला, परत येईपर्यंत संघांचा रस संपला, कारण व्यावसायिक फुटबॉलला हुशार मुले नकोच असतात, आणि खेळ हातचा गेल्यावर त्यांनी नाइलाजाने डॉक्टरकी धरली. शेवटी निष्कर्ष जोडलेला असतोच की खेळ आणि अभ्यास एकत्र चालत नाहीत, म्हणून मुलाने वेळीच एक काय ते ठरवावे. दहावीचे वर्ष आले की मुलांना मैदानावरून घरी बोलावणाऱ्या आपल्या पालकांना हा निष्कर्ष विशेष पटतो आणि म्हणूनच त्याची तपासणी करणे मला आवश्यक वाटते. या गोष्टीतले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट तरी आहे किंवा चुकीचे तरी.

प्रथम माणसाची ओळख. रोल यांचे आईवडील बहामाजचे. त्यांचा स्वतःचा जन्म १९८६ मध्ये ह्यूस्टनचा, पण वाढ न्यू जर्सीत झाली. हायस्कूलची पहिली तीन वर्षे ते पेडी स्कूलमध्ये आणि शेवटचे वर्ष प्रिन्स्टनच्या हन स्कूलमध्ये होते. ते सेफ्टी या जागेवर खेळत. बचावाच्या सर्वांत मागच्या ओळीत उभे राहून प्रतिस्पर्ध्यांची मांडणी वाचायची, सहकाऱ्यांना इशारे द्यायचे आणि पुढच्या सगळ्यांना चकवून कोणी आलाच तर त्याला एकट्याने आडवे करायचे, हे त्या जागेचे काम. शाळेतून बाहेर पडताना ईएसपीएन या क्रीडावाहिनीने त्यांना देशातला अव्वल क्रमांकाचा शालेय खेळाडू ठरवले होते आणि ८३ विद्यापीठांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊ केली होती. त्याच शाळकरी वर्षांत ते बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत होते आणि शाळेच्या संगीत नाटकात कामही करत होते. ठरावीक साच्यातल्या गोष्टीत हा भाग कधीच नसतो, कारण ज्याला 'एक काय ते ठरव' असे सांगायचे, त्याने तोवर काहीच सोडलेले नव्हते आणि तरीही तो खेळात पहिला होता, ही गोष्ट निष्कर्षाला अडचणीची आहे.

आता मुद्द्यांकडे येऊ. पहिले विधान असे की रोल यांनी पहिल्या फेरीची निवड लाथाडली. विद्यापीठातल्या खेळाडूंची व्यावसायिक संघ जी क्रमवार निवड करतात तिला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या सात फेऱ्या असतात आणि पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार सर्वांत मोठा असतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात रोल २००६ च्या जानेवारीत दाखल झाले, त्याच वर्षी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या स्पर्धागटाचे सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरले, आणि तीन हंगाम खेळून झाल्यावर २००९ च्या ड्राफ्टमध्ये उतरण्यास ते पात्र होते. काही जाणकार त्यांचे नाव वरच्या फेऱ्यांसाठी घेत होते, हेही खरे. पण २००९ च्या पहिल्या फेरीत प्रत्यक्ष काय घडले ते पाहावे. त्या फेरीतल्या ३२ निवडींमध्ये एकाही संघाने सेफ्टी घेतला नाही. त्या वर्षीचा पहिला सेफ्टी, लुई डेल्मस, दुसऱ्या फेरीच्या आरंभी ३३ व्या क्रमांकावर गेला आणि त्याच्या पाठोपाठ ३४ व्या क्रमांकावर पॅट्रिक चंग गेला. चौदाव्या क्रमांकावर गेलेला माल्कम जेंकिन्स पुढे सेफ्टी म्हणून नावारूपाला आला, पण त्याची निवड कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला उभा राहून पास अडवणारा बचावपटू, म्हणून झाली होती. म्हणजे रोल यांनी सोडून दिली असे सांगितले जाते ती जागा त्या वर्षी कोणत्याच सेफ्टीला मिळाली नाही. त्यांनी काहीच गमावले नाही असे मी म्हणत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीचा करारही सहाव्या फेरीच्या करारापेक्षा पुष्कळ मोठा असतो, आणि तो मिळण्याची शक्यता त्यांनी जाणूनबुजून लांबणीवर टाकली. परंतु शक्यता लांबणीवर टाकणे आणि हातात आलेले कोट्यवधी डॉलर सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे विधान यापेक्षा महत्त्वाचे आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. २०१० च्या ड्राफ्टमध्ये टेनेसी टायटन्सने रोल यांना सहाव्या फेरीत, २०७ व्या क्रमांकावर घेतले, आणि ही घसरण ऑक्सफर्डमुळे झाली असे म्हटले जाते. पूर्ण एक हंगाम न खेळलेल्या बचावपटूकडे संघ साशंकतेने पाहतात, हे नाकारण्याचे कारण नाही. या खेळात वर्षभराची विश्रांती अंगाला बरी वाटली तरी तेवढ्या काळात निवड करणाऱ्यांना पाहण्यासारखे नवे काही हाती येत नाही. मात्र घसरणीचे हे एकमेव कारण मानायचे तर त्या वर्षीच्या इतर सेफ्टींचे काय झाले याचा विचार करावा लागतो. २०१० चे वर्ष सेफ्टींच्या बाबतीत विलक्षण भरगच्च होते. एरिक बेरी पाचव्या आणि अर्ल थॉमस चौदाव्या क्रमांकावर गेले. नेट अॅलन आणि टी. जे. वॉर्ड दुसऱ्या फेरीत लागोपाठ गेले. इतकी गर्दी होती की कॅम चॅन्सेलर पाचव्या फेरीत १३३ व्या क्रमांकापर्यंत आणि रेशाद जोन्स त्याच फेरीत १६३ व्या क्रमांकापर्यंत खाली आले. हे दोघेही २००९ च्या हंगामात मैदानावर होते, दोघांपैकी कोणीही ऑक्सफर्डला गेले नव्हते, आणि दोघांची व्यावसायिक कारकीर्द पुढे उत्तम झाली. न शिकायला गेलेले इतके चांगले खेळाडू पाचव्या फेरीपर्यंत घरंगळू शकतात, तर त्याच वर्षी एक फेरी खाली गेलेल्या खेळाडूचे सारे खापर एका पदव्युत्तर अभ्यासक्रमावर फोडणे न्यायाचे नाही. शिवाय विद्यापीठातही रोल यांची चेंडू हिसकावण्याची कामगिरी त्यांच्या शालेय कीर्तीच्या मानाने बेताची होती. ते धावत येणाऱ्याला रोखण्यात मजबूत होते, हवेतला चेंडू पळवण्यात तितके नव्हते. निवड करणाऱ्यांनी हे ते ऑक्सफर्डला जाण्यापूर्वीच्या तीन हंगामांत पाहिलेले होते.

रोल ज्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले तिच्यामुळे खेळ बुडतोच, या समजाला इतिहासाचाही आधार नाही. ही शिष्यवृत्ती दरवर्षी अमेरिकेतून फक्त ३२ जणांना मिळते. आपल्याकडे माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांमुळे तिचे नाव अनेकांना ठाऊक आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचे बायरन व्हाइट १९३८ च्या व्यावसायिक हंगामात चेंडू घेऊन धावण्यात संपूर्ण लीगमध्ये पहिले आले, १९३९ मध्ये ऱ्होड्स विद्यार्थी म्हणून ऑक्सफर्डला गेले, युद्धामुळे परतले आणि १९४० मध्ये डेट्रॉईट लायन्सकडून खेळताना पुन्हा पहिले आले. पुढे १९६२ पासून १९९३ पर्यंत ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. सत्तरच्या दशकात पॅट हेडन यांनी ऑक्सफर्डचा अभ्यास आणि लॉस एंजेलिस रॅम्सचे क्वार्टरबॅकपद, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराची जागा, अशा दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या. काळ वेगळा होता, स्पर्धा आजच्याइतकी तीव्र नव्हती, हे मान्य; तरी 'होऊच शकत नाही' म्हणणाऱ्याला एकाच उदाहरणाने उत्तर मिळते आणि येथे दोन आहेत.

व्यावसायिक फुटबॉलला हुशार मुले नको असतात, हे तिसरे विधान. याचा उगम एका खऱ्या प्रसंगात आहे. ड्राफ्टपूर्वीच्या मुलाखतींत एका संघाने रोल यांना, एक हंगाम सोडून जाताना सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटले नाही का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी तो पुढे अनेकदा सांगितला आहे. प्रश्न अन्यायाचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. जो विद्यार्थी अडीच वर्षांत पदवी पूर्ण करतो आणि विद्यापीठाचे नाव उंचावणारी शिष्यवृत्ती मिळवतो, त्याच्या निष्ठेवर शंका घेणे ही संकुचित दृष्टी आहे. तरी त्या प्रश्नातली तक्रार बुद्धीबद्दल नव्हती. खेळासाठी हा माणूस सर्वस्व देईल का, याची ती चाचपणी होती. या दोन शंकांमध्ये गल्लत केली की विधान वरवर खरे भासते. बुद्धीचाच अडसर असता तर रिचर्ड शर्मन यांची वाट कशी मोकळी झाली असती? कॉम्प्टनच्या डोमिंगेझ हायस्कूलमधून ते वर्गात दुसरे येऊन स्टॅनफर्डला गेले, तेथे पास झेलणाऱ्या रिसीव्हरचे कॉर्नरबॅक झाले, पदवी घेतली, पाचव्या फेरीत १५४ व्या क्रमांकावर निवडले गेले आणि २०१३ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे आठ, पास अडवून हिसकावले. बचावाच्या मागच्या फळीत बुद्धी लागते, हे प्रशिक्षक जाणतात. ज्याला प्रतिस्पर्ध्याचा पुढचा डाव दोन क्षण आधी कळत नाही, त्याच्या पायांतल्या वेगाचा फारसा उपयोग होत नाही.

अभ्यास नावापुरता होता, खेळाडूंना पदव्या अशाच वाटल्या जातात, असेही याच ओघात सुचवले जाते. या आक्षेपाला मी गांभीर्याने घेतो, कारण व्यवस्थेबद्दल तो पुष्कळदा खरा ठरला आहे. खुद्द फ्लोरिडा स्टेटमध्ये, रोल तेथे शिकत असतानाच, संगीताच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांत ६१ खेळाडू सापडले आणि विद्यापीठाला २००६ व २००७ च्या हंगामांतले काही फुटबॉल विजय गमवावे लागले. आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव घेऊ नये असा महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएचा नियम आहे. तिच्याच सर्वेक्षणांत वरच्या श्रेणीतल्या फुटबॉलपटूंनी आपले चाळीसहून अधिक तास खेळात जातात असे सांगितले आहे. अशा ठिकाणी रोल यांनी व्यायामविज्ञानाची पदवी अडीच वर्षांत, चारपैकी ३.७५ सरासरीने पूर्ण केली. वैद्यकीय प्रवेशासाठी लागणारे विज्ञानाचे विषय घेतले, प्रयोगशाळेत संशोधन केले आणि फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीच्या मुलांसाठी लठ्ठपणा व मधुमेह टाळण्याचा आरोग्यशिक्षणाचा उपक्रम उभा केला. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी वैद्यकीय मानववंशशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. व्यवस्थेतली लबाडी दाखवून या माणसाचे श्रम खोटे ठरत नाहीत. उलट, मोकळ्या पडलेल्या सोप्या वाटेने न जाता ते अवघड वाटेने गेले, हेच त्यातून दिसते.

२२ नोव्हेंबर २००८ हा दिवस या सगळ्या वादात मला सर्वांत बोलका वाटतो. त्या दिवशी अलाबामातल्या बर्मिंगहॅम येथे ऱ्होड्सची अंतिम मुलाखत होती आणि त्याच संध्याकाळी शेकडो मैलांवर, मेरीलँडच्या कॉलेज पार्कमध्ये संघाचा सामना होता. ज्यांना खेळ आणि अभ्यास यांचे हाडवैर वाटते त्यांच्या मते येथे एकाचा बळी जायला हवा होता. प्रत्यक्षात विद्यापीठाने प्रवासाची सोय केली, एनसीएएने खास विमानाला परवानगी दिली, रोल यांची शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आणि सामन्याच्या चार सत्रांपैकी दुसऱ्या सत्रात ते मैदानावर पोहोचले. सामना फ्लोरिडा स्टेटने ३७–३ असा जिंकला. अशी सोय प्रत्येकाला मिळत नाही, हे उघड आहे; नामांकित संघाच्या नामांकित खेळाडूसाठी विमान मिळते, साध्या खेळाडूसाठी परीक्षेची तारीखही बदलत नाही. पण याचा अर्थ दोष भोवतालच्या माणसांच्या इच्छाशक्तीत आणि वेळापत्रकात असतो. खेळ आणि अभ्यास यांच्या स्वभावातच वैर आहे असे त्यातून मुळीच निघत नाही, आणि पालकांनी विचार करायचा तो वेळापत्रकाचा.

राहिले शेवटचे विधान: खेळ संपल्यावर नाइलाजाने डॉक्टरकी. टायटन्सकडे आणि नंतर २०१२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडे राहूनही रोल यांना नियमित हंगामातला एकही सामना खेळायला मिळाला नाही, हे खरे आहे आणि ते दुःखदही आहे. इतक्या गुणी खेळाडूच्या बाबतीत ते लपवण्याचे कारण नाही. मात्र मेंदूशल्यचिकित्सक होण्याची इच्छा त्यांनी शाळकरी वयातच बोलून दाखवली होती. भावाने हाती दिलेले बेन कार्सन या शल्यचिकित्सकाचे आत्मचरित्र वाचून ती जागी झाली, आणि तेव्हा ते पाचवीत होते. व्यावसायिक संघाने सोडल्यावर हे सुचले असे म्हणायचे तर त्याआधीची पदवी, प्रयोगशाळा आणि ऑक्सफर्ड ही सगळी वर्षे कशासाठी होती, याचे उत्तर द्यावे लागेल. २०१३ मध्ये ते फ्लोरिडा स्टेटच्याच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, २०१७ मध्ये डॉक्टर झाले आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेंदूशल्यचिकित्सेच्या सात वर्षांच्या प्रशिक्षणासाठी त्यांची निवड झाली. बचावाचे प्रशिक्षक मिकी अँड्र्यूज यांनी फ्लोरिडा स्टेटच्या मैदानावर शिकवलेली रोज दोन टक्के सुधारण्याची पद्धत आपण शस्त्रक्रियागृहातही वापरतो, असे ते स्वतः सांगत आले आहेत.