स्वखुशीने

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

फ्लॅटच्या कामासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात तीन तास बसले होते. माझ्या पुढच्या नंबरला दोन भाऊ, तीन बहिणी आणि वकिलाचा कारकून. बहिणींच्या अंगावर कोऱ्या साड्या, घडीच्या रेघाही मोडलेल्या नव्हत्या. बघताक्षणी कळलं, हक्कसोड पत्र. म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. मधल्या बहिणीचा अंगठा मशीनवर उमटेना. खुरपून खुरपून बोटावर रेषाच राहिल्या नव्हत्या. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, पदराला पुसा जरा." तीनदा पुसला. चौथ्यांदा भावाने तिचं बोट धरून दाबलं, तेव्हा उमटला. "स्वखुशीने सोडताय ना?" तिघींनी माना डोलावल्या. कागद एकीनेही वाचला नाही. मग भाऊ त्यांना उसाचा रस पाजायला घेऊन गेला.

मला आमची आत्या आठवली.

१९९७ साली आजोबा गेले. महिन्याभरात अण्णा, म्हणजे माझे वडील, जीप करून आत्याला घेऊन आले. आधी तलाठ्याकडे वारस नोंद, मग तालुक्याला जाऊन सही. जाताना तिला जांभळी साडी, नारळ आणि आईने भरलेली ओटी. एवढ्यात मिटलं. गावात सगळ्यांनी अण्णांचं कौतुक केलं, बहिणीला रिकाम्या हाताने नाही पाठवलं म्हणून!

कायदा काय कमी बदलला? महाराष्ट्राने १९९४ मध्येच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवलं. २००५ मध्ये देशभर लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्याच मुलींना तो हक्क मिळाला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ला वडील हयात होते की नव्हते हेही बघायचं नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. लाडक्या बहिणीच्या खात्यात सरकार १५०० रुपये टाकतं. आणि सात-बारावर? तिथे लाडक्या बहिणीचं नाव वर्षानुवर्षं "इतर हक्क"च्या रकान्यात. तेही एक दिवस कमी होतं, स्वखुशीने.

शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती आठवते? पुरुषांनी स्वतःहून जमिनी बायकांच्या नावावर केल्या. चांगलंच होतं ते. पण बायकोच्या नावावर. बहिणीच्या म्हटलं असतं तर किती गावं पुढे आली असती, बोला.

आता कोणीतरी येईल सांगायला की म्हाताऱ्या आईबापांना भाऊच सांभाळतात, दवाखाने तेच करतात. मान्य. (करतात खरं तर सुना, आणि त्यांनीही आपापल्या माहेरी सही करून टाकलेली असते.) नवऱ्याच्या चिथावणीने वीस वर्षांनी हिस्सा मागायला येणाऱ्या बहिणीही असतात. असतात. पुढे.

आत्याचे यजमान गेल्यावर ती आमच्याकडे आठ-पंधरा दिवसांसाठी यायची. संध्याकाळी शेतात चक्कर मारायची. एकदा मी सोबत होते. हरभरा भरात आला होता. ती बांधावर उभी राहिली, आत पाय टाकला नाही. अण्णा मोटरपाशी होते. तिथून ओरडून विचारलं, "अण्णा, डहाळे नेऊ का रे थोडे?"

आजोबांनी तिला त्याच बांधावरून खांद्यावर बसवून नेलं होतं, हे तिनेच मला सांगितलेलं. आणि ती मूठभर डहाळ्यांसाठी परवानगी मागत होती. अण्णा म्हणाले, "ने की, विचारतेस काय." अगदी मनापासून म्हणाले. अण्णा वाईट नव्हते हो. तिच्या पोरीच्या लग्नात त्यांनी गहू दिला, मांडवाचा खर्च उचलला. पण ते "देणं" होतं. तिचं तिला मिळणं नव्हतं.

आणि मी कोण मोठी बोलणारी? माझी इंजिनिअरिंगची फी त्याच रानातल्या उसावर भरली गेली. वसतिगृहाचे पैसे, पहिला कॉम्प्युटर, सगळं. आज जी मी इथे बाईच्या हक्कांवर लांबलचक लिहिते, ती आत्याच्या सहीवर शिकले. तिला हे कधी बोलून दाखवायचं धाडस झालं नाही. एकदा विषय काढला, तर म्हणाली, "माहेर तुटलं असतं गं. जमीन घेऊन भाऊबीजेला कुठं गेले असते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. राग येतो तो याचाच, की माहेरची किंमत फक्त बहिणीने मोजायची. भावाला कोणी विचारत नाही, हिस्सा दिला नाहीस तर बहीण तुटेल, चालेल का?

जांभळी साडी अजून तिच्या ट्रंकेत आहे. फार तर दोनदा नेसली असेल.

हे सगळं आजच का उफाळलं, तेही सांगते. अण्णांना जाऊन सहा महिने झाले. सकाळी त्या ऑफिसात बसले असतानाच धाकट्याचा मेसेज आला. "ताई, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो पाठव. शनिवारी तालुक्याला जाऊ, अर्ध्या तासाचं काम आहे. जेवायला घरीच ये, तुझ्या वहिनीने साडी आणलीय." खाली हसरा चेहरा. माझा भाऊ गुणी आहे, मला ताप आला तर रात्री दोनला गाडी काढून येईल. म्हणून तर अवघड जातंय.

मेसेज वाचलाय. निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. अजून काही लिहिलेलं नाही.