दोन गाडगीळ, एक खुर्ची

नमस्कार. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मंत्रिपद आणि राज्यपालपद भोगलेल्या काँग्रेसवाल्याला पुणे विद्यापीठाचं कुलगुरूपद मिळालं, तिथून तो पंचवार्षिक योजना आखणाऱ्या योजना आयोगावर गेला, मग मी लेखात म्हटलेला ‘स्वतंत्र बाण्याचा सल्लागार’ कसला? सगळे पुस्तकी होयबाच.

आधी एक गल्लत दूर करतो. मंत्री आणि पंजाबचे राज्यपाल होते ते काकासाहेब, म्हणजे न. वि. गाडगीळ. तेही पुण्याचे कुलगुरू होते आणि जानेवारी १९६६मध्ये पदावर असतानाच वारले. त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर धनंजयराव गाडगीळ आले. माझा लेख या दुसऱ्यांवर होता. आडनाव तेच, खुर्ची तीच, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही.

आता ‘पुस्तकी’. १९३०पासून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी करणारा हा माणूस लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्षही होता. या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे जमवायचे. आधीच सावकाराच्या वहीत अडकलेल्या माणसाकडून! अशा लोकांच्या पैशाची जबाबदारी घेऊन केंब्रिजला शिकलेले प्रोफेसर वर्षानुवर्षं अध्यक्षपदी राहिले. याला पुस्तकी म्हणायचं तर म्हणा.

आणि ‘होयबा’? १९६७मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना पंचवार्षिक योजनेसाठी केंद्राकडून किती पैसे मिळणार हे बरंचसं एकेका कामाच्या वाटाघाटीत ठरायचं. ज्याचं दिल्लीत वजन, त्याचं काम. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून (१९६९) हे पैसे वाटण्यासाठी गाडगीळ सूत्र आलं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येवर. मग दहा-दहा टक्के चार कारणांसाठी: सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीची धडपड, पाटबंधारे-विजेचे चालू मोठे प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी. त्यातही ३० टक्के अनुदान, बाकी कर्ज. म्हणजे मर्जीनुसार खिरापत वाटायची दिल्लीची मुभा यांनी दिल्लीतच बसून बरीच आवळली. होयबा हे कशाला करेल?

सूत्रावरचा तुमचा आक्षेप मात्र मला पटतो. गरीब राज्यांसाठी वेगळे फक्त १० टक्के ठेवले, आणि चालू प्रकल्पांचा निकष तर ज्याच्याकडे आधीच मोठी धरणं निघाली होती त्याच्या पथ्यावर पडायचा. लेखात मी हे गाळलं, कारण तेव्हा मला सूत्राचं कौतुकच करायचं होतं.

आणखी एक. ‘त्यांनी विद्यापीठाचा कायापालट केला’ हे लेखातलं माझं वाक्य फुगवलेलं होतं. कुलगुरूपदावर ते जेमतेम वर्षभर होते, तेवढ्यात कायापालट कसला होतोय! १९७१च्या मे महिन्यात आयोग सोडून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं, त्यामुळे पुन्हा पुण्यात येऊन काम करणंही राहून गेलं. ते वाक्य आज काढून टाकलंय.