शेवटच्या दिवशीचे विमान रद्द झाले, तर व्हिसा आपोआप वाढतो का?

परदेशवारीच्या हंगामात व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा : विमान रद्द झाले किंवा लांबले, तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार व्हिसाला आपोआप 30 दिवसांची मुदतवाढ मिळते, विमान कंपनीचे पत्र दाखवले की इमिग्रेशनचा अधिकारी काही विचारत नाही, युरोपातल्या बहुतेक देशांसाठी सामाईक असलेल्या शेंगेन व्हिसात तर 15 दिवस जादा धरलेलेच असतात, आणि एक-दोन दिवसांच्या उशिराची कोणी दखलही घेत नाही. यातले एकही विधान निखालस बनावट नाही, प्रत्येकात खऱ्याचा एखादा धागा आहे, आणि म्हणूनच मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील किंवा युरोपची सहल आखणारी मंडळी त्यावर विसंबतात.

सर्व देशांना लागू होईल असा ‘आंतरराष्ट्रीय नियम’ मुळात नाही. परक्या नागरिकाला किती दिवस राहू द्यायचे, हे ज्याचा तो देश ठरवतो. 30 दिवसांचा आकडा बहुधा अमेरिकेतल्या एका सवलतीवरून उचललेला असावा. ज्या निवडक देशांच्या नागरिकांना तेथे व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो, त्यांना आकस्मिक अडचणीत 30 दिवसांपर्यंतचा जादा मुक्काम तिथले अधिकारी मंजूर करू शकतात. त्या यादीत भारत नाही, आणि यादीतल्या देशांनाही ही सवलत मागावी लागते. बी-2 या पर्यटक व्हिसावर गेलेल्या भारतीयाला बांधून ठेवते ती आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख, जी बहुतेक वेळा प्रवेशापासून सहा महिन्यांची असते. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. मुक्काम वाढवायचा तर ती तारीख उलटण्यापूर्वी आय-539 हा अर्ज दाखल करावा लागतो. नंतर केलेला अर्ज असाधारण परिस्थितीचे कारण पटले तर स्वीकारला जाऊ शकतो, परंतु तो अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग आहे, प्रवाशाचा हक्क नाही.

‘करोनाच्या काळात तर सगळ्यांना मुदतवाढ मिळाली होती’, असे यावर हमखास ऐकवले जाते. सगळ्यांना मिळाली नव्हती. काही देशांनी तेव्हा स्वतंत्र आदेश काढून ठरावीक काळापुरती सूट दिली, परंतु अमेरिकेने एप्रिल 2020 मध्येही अडकलेल्या पाहुण्यांना मुदतीपूर्वी अर्ज करण्यासच सांगितले होते. नोव्हेंबर 2017 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद पडला, तेव्हा इंडोनेशियाने अडकलेल्या पर्यटकांसाठी आपत्कालीन मुक्काम परवान्याची सोय केली. म्हणजे तिथेही जादा दिवसांसाठी वेगळा कागद लागलाच. सूट मिळते, पण ती कोणीतरी द्यावी लागते.

पत्राविषयीचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण विमान कंपनीवर खरोखरच काही जबाबदाऱ्या असतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार रद्द किंवा फार उशिरा सुटलेल्या विमानासाठी जेवण, हॉटेल आणि प्रसंगानुसार 250 ते 600 युरोंची भरपाई द्यावी लागते. परंतु ते प्रवासी आणि कंपनी यांच्यातले देणेघेणे झाले. व्हिसा देणारे सरकार त्यात पक्षकार नसते, त्यामुळे कंपनीचे पत्र हा पुरावा ठरतो, परवानगी नव्हे.

शेंगेनच्या 15 दिवसांचा मुद्दा मात्र नीट उलगडून पाहिला पाहिजे, कारण इथे चांगले शिकलेले लोकही फसतात. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत व्हिसा वापरता येईल, आणि त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. समजा, तारखा 1 मे ते 30 मे अशा आहेत आणि मुक्कामाचे दिवस 15 आहेत. जादा दिसणारे दिवस सहल पुढेमागे सरकवता यावी म्हणून आहेत, लांबवता यावी म्हणून नाहीत. 1 मे रोजी उतरलेल्या माणसाला 15 मे रोजी बाहेर पडावेच लागते, कारण येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. शिवाय ‘बाहेर पडणे’ म्हणजे शेंगेन देशांच्या क्षेत्रातल्या शेवटच्या विमानतळावरची निर्गमनाची नोंद. लिस्बनहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येणाऱ्याची ती फ्रँकफर्टला होते, त्यामुळे लिस्बनच्या धावपट्टीवर गेलेले चार तास थेट त्याच्या व्हिसाच्या हिशेबात येतात. निर्गमनाची नोंद झाल्यावर विमान रद्द झाले, तर ती नोंदही रद्द केली जाते आणि प्रवासी गेलाच नाही असे धरले जाते.

याच व्यवस्थेत एक खरी तरतूदही आहे, जिचा त्या संदेशात उल्लेखही नाही. आवाक्याबाहेरच्या कारणाने निघता आले नाही, हे सिद्ध केले तर शेंगेन व्हिसाची मुदतवाढ विनाशुल्क मिळते. व्यक्तिगत गंभीर कारण असेल तर 30 युरो पडतात. अर्ज मुदत संपण्याआधी, आपण ज्या देशात अडकलो आहोत तिथल्या कार्यालयात करायचा असतो. ही कार्यालये रात्री उघडी नसतात, त्यामुळे मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी रात्रीचे तिकीट काढणाऱ्याने स्वतःचा हा मार्ग आपणच अवघड करून ठेवलेला असतो. सहल कंपन्या अशी तिकिटे सर्रास काढतात, हे मला बेफिकिरीचे वाटते.

राहिला ‘एक-दोन दिवसांचे कोण बघतो’ हा भाग. थायलंडमध्ये दिवसाला 500 बाथ, संयुक्त अरब अमिरातीत 50 दिरहम आणि इंडोनेशियात 10 लाख रुपिया असा दंड आहे. तो भरला की थोडक्या दिवसांचे प्रकरण बहुधा तिथेच मिटते. अमेरिकेत दंड नाही, पण फटका मोठा आहे : आय-94 ची तारीख ओलांडली की, काही अपवाद सोडता, तो दहा वर्षांचा व्हिसाच बाद होतो. तीन वर्षांची प्रवेशबंदी मात्र 180 दिवसांहून अधिक बेकायदा राहून परतणाऱ्यांना लागते, एका दिवसासाठी नव्हे. तेव्हा उलट टोकाची भीतीही नको. शेंगेन क्षेत्रात ऑक्टोबर 2025 पासून येण्याजाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून दिवसांची मोजणी आता यंत्र करते. जादा मुक्काम अनपेक्षित आणि गंभीर घटनेमुळे झाला, हे पुराव्यानिशी दाखवून मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांच्या यादीतून नाव काढून घेण्याची तरतूद तिथे आहे, आणि विमान कंपनीचे पत्र, मूळ तिकीट व नव्याने दिलेले तिकीट यांचा खरा उपयोग तिथे होतो.