आधी किल्ली, मग बोलणं
सिग्नल हिरवा, हेल्मेट डोक्यावर, तरी झाडाआडून ट्रॅफिक पोलिसाचा हात येतो आणि आधी गाडीची किल्लीच काढली जाते. अहो, पळून चाललोय का मी? "लायसन दाखव!" दाखवतो की. पण 'दाखवा' म्हटलं तर पावती फाटायची राहते का? मोबाइलवर डिजिलॉकर, म्हणजे सरकारी ॲपमधलं लायसन, उघडलं तर म्हणे "ओरिजिनल आण". २०१८ पासून चालतं हो ते!

आणि आपली जनता तरी कुठे सोवळी? ट्रिपल सीट, राँग साइड, आणि चौकातल्या मामानं अडवलं की लगेच घरच्या मामाला फोन. हा मामा कोण, तर नगरसेवकाच्या ड्रायव्हरचा मेहुणा! दिवसभर धूर खात उभ्या माणसाला वर दरडावायचं, "ओळखलं नाहीस मला?" कसा ओळखणार? नंबर ४१४१, आणि वाचायचं म्हणे 'दादा'!